भुजंग ड्रायव्हरचा अंगठा

पुरुषांच्या वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवर भुजंगमामा दाखल झाले, त्या दिवशी त्यांच्या रक्तातली साखर चारशे बारा होती आणि उजव्या पायाचा अंगठा वांग्याच्या रंगाचा झाला होता. मामा एसटीचे ड्रायव्हर. परभणी ते सोनपेठ ही गाडी ते सव्वीस वर्षं चालवत होते. दिवाळीच्या तोंडावर घेतलेला नवा बूट चावला, जखम झाली, पू झाला, मोजा ओला व्हायला लागला, तरी मामांना पत्ता नव्हता, कारण साखरेनं पायाची जाणीवच खाऊन टाकली होती. शेवटी बन्सीधर कंडक्टरला वास आला. त्यानं आधी दोन पॅसेंजरांचे डबे उघडायला लावले आणि मग मामांच्या पायाकडे बघितलं.

सर्जनसाहेबांनी जखमेत चिमटा घालून बघितला आणि हिशोब सरळ मांडला. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी मामांना टेबलावर घ्यायचं. त्याच्या आधीचे तीन दिवस साखर एकशे ऐंशीच्या आत राहिली, तर जखम साफ करून अंगठा ठेवता येईल. नाही राहिली, तर अंगठा काढायचा, कारण नाही काढला तर तो सगळं पाऊल सोबत घेऊन जाईल.

"साहेब, उजवा हाय ह्यो," मामा म्हणाले. "ब्रेक बी ह्याच पायावर, रेस बी ह्याच पायावर. ह्यो गेला तर मी काय घंटी वाजवू?"

सर्जनसाहेब दहा नंबरकडे वळले.

मामांचं पोट असं होतं की खाटेवर पडल्या पडल्या त्यांना स्वतःचे पाय दिसत नसत. त्यामुळे रोज सकाळी पट्टी बदलायच्या वेळी ते छताकडे बघत एकच प्रश्न विचारत.

"सिस्टर, हाय का?"

"हाय मामा," सुकेशनी सिस्टर म्हणे. "जातोय कुठं? फुकटचं खायला घालणारा मालक त्याला दुसरा कोण मिळणार?"

मामा हसत, सगळी खाट हलवून हसत. पण उत्तर यायच्या आधीचा एक क्षण त्यांचा श्वास थांबलेला असे, आणि हे सुकेशनीच्या हाताला रोज कळत असे, कारण पाय तिच्या हातात असे.

आता या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरची ओळख करून द्यायला हवी. दवाखाना ट्रस्टचा, परभणीतला, फार मोठा नाही आणि फार लहानही नाही. तिथं त्या वर्षी इन्सुलिनची ऑर्डर कागदावरून उठून कॉम्प्युटरवर गेली होती. डॉक्टरांनी वजन, वय आणि साखरेचे आकडे भरायचे, आणि कॉम्प्युटरनं सकाळी किती, दुपारी किती, रात्री किती ते सांगायचं. आदल्या दिवसांचे आकडे चढे असले, तर तो रोज सकाळी डोस थोडा वाढवे. डॉक्टरांनी एक बटण दाबलं की ऑर्डर पक्की. सुकेशनीला याचं वावडं नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं. पूर्वी केसपेपरवर डॉक्टरांनी आठ लिहिलंय की तीन, हे ठरवायला चार सिस्टर आणि एक मावशी गोळा व्हायच्या आणि तरी एकमत व्हायचं नाही.

कॉम्प्युटरची खोड एकच होती, त्याला सबूर नव्हती. वेळेवर इंजेक्शन दिलं तर पेशंटच्या नावापुढे हिरवा ठिपका, अर्धा तास उशीर झाला की लाल, आणि लाल झाला की तिकडे डॉक्टर महारुद्रांचा मोबाईल केकाटायचा. शिवाय प्रत्येक जेवणानंतर एक रकाना भरायचा होता. पेशंटनं काय खाल्लं? पूर्ण, अर्धं, काही नाही. 'अर्धं' लिहिलं की डॉक्टरांना फोन करा, ते येईपर्यंत थांबा, त्यांचा नंबर टाका, मगच पुढचं पान उघडे. एकेका सिस्टरकडे बावीस खाटा. त्यामुळे कॉम्प्युटरवर बघाल तर आख्खा वॉर्ड ताट चाटूनपुसून खात होता. ज्या उपम्याला दवाखान्याची मांजर नाक लावत नव्हती, तोही.

डॉक्टर महारुद्र या कॉम्प्युटरवर जीव टाकत. वय सत्तावीस, अजून अंगावरचा कोट कडक. मामांना पहिल्या दिवशी कॉम्प्युटरनं सकाळचे आठ युनिट सांगितले. साखर हटेना. मग दहा झाले, मग बारा, मग चौदा. आठव्या दिवशी सकाळचा डोस वीसवर गेला, तरी मामांची साखर अडीचशेच्या घरातच नांदत होती.

डॉक्टर महारुद्रांनी आलेख काढला. त्यात रोज दोन उंचवटे होते, एक साडेदहानंतर आणि एक पाचनंतर.

"हे पहाटेच्या हार्मोनमुळे होतं कधी कधी," ते म्हणाले.

"साडेदहाला पहाट, सर?" सुकेशनीनं विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि आलेख खिशात घातला.

सुकेशनीला कारण माहीत होतं. वॉर्डातल्या मावशीला माहीत होतं, दहा नंबरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही माहीत होतं. सोनपेठहून येणारी एक गाडी सव्वादहाला यायची आणि दुसरी पावणेपाचला. दोन्ही दवाखान्यावरूनच पुढं स्टँडला जायच्या. दवाखाना आला की ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवायचा, मामा खाटेवरून हात वर करून म्हणायचे, "आली बगा सासू," आणि पाच मिनिटांत पाहुणे वॉर्डात हजर व्हायचे.

सव्वीस वर्षांत मामांनी त्या रस्त्यावर कुणाला सोडलं नव्हतं. बाळंतिणीसाठी गाडी फाट्यावर दहा मिनिटं उभी केली होती, परीक्षेच्या पोरांना टपावरसुद्धा नेलं होतं, बाजारच्या दिवशी कोंबड्यांना तिकीट मागितलं नव्हतं. आता ती सगळी माणसं भेटायला येत होती, आणि आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जाणं हे आपल्याकडे आजाऱ्याला मारायला जाण्यापेक्षा वाईट. त्यात दिवाळी नुकतीच झालेली. बेसनाचे लाडू आले, करंज्या आल्या, शंकरपाळ्यांचे डबे आले. एकानं सीताफळांची पाटीच खाटेखाली सरकवली. आणलेलं पाहुण्याच्या देखत तोंडात टाकायचं, नाही तर त्याला वाईट वाटतं. आणि पाहुण्याला वाईट वाटण्यापेक्षा पेशंटला काही झालेलं परवडतं, अशी आपली रीत.

"मामा, हे लाडू अंगठ्याला चाललेत," सुकेशनी म्हणे.

"सिस्टर, एकच घास खाल्ला. म्हातारी दोन गाड्या बदलून आली. तिला न्हाई कसं म्हनू?"

"म्हणायला तोंड लागतं. ते लाडवानं भरलंय."

मामांची बायको तानुबाई खाटेशी बसून हे ऐकत आणि पदर तोंडाला लावत. त्या स्वतः घरून ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी आणायच्या, इमानानं, बिनगुळाची. ती भाकरी मामा दहा नंबरला देत.

खरं तर सुकेशनीनं हे सगळं कॉम्प्युटरवर चढवायला हवं होतं. पण त्यात नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण एवढेच रकाने, पाहुण्यांचा रकाना नव्हता. शिवाय दुसरंही एक कारण होतं, आणि ते तिला आठवलं की कानशिलं गरम होत. पाचव्या दिवशी सोनपेठच्या एका म्हातारीनं लाडवांचा डबा आणला आणि मामा म्हणाले, "सिस्टर, एक तुमच्यासाठी दिलाय तिनं, न्हाई म्हनू नका." सुकेशनी सकाळपासून उपाशी होती. ड्रेसिंगच्या ट्रॉलीआड उभं राहून तिनं लाडू खाल्ला. तुपातला होता, वेलदोडा होता. चोरीत भागीदार झालेल्या माणसानं फिर्याद कशी लिहायची? मग ती गप्पच बसली.

गप्प बसणं तिच्या घराण्यात नव्हतं. तिचे वडील सिद्धोधन गुरुजी चारठाण्याच्या शाळेत हेडमास्तर होते. स्वतःला उशीर झाला, तर मस्टरवर स्वतःच्याच नावापुढे लाल शाईनं खूण करत. लहानपणी तिला याचा राग यायचा, कारण बाकीचे मास्तर हसायचे.

मग बुधवारी पुण्याहून मॅडम येणार अशी बातमी आली. राजनंदिनी मॅडम ट्रस्टच्या सगळ्या दवाखान्यांचं बघत. परभणीतला कॉम्प्युटर ठीक चालला असला तर तोच आणखी सहा ठिकाणी बसवायचा होता. डॉक्टर महारुद्रांनी मंगळवारी संध्याकाळपासून दवाखाना धुवायला काढला. भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्या पुसल्या, मांजर हाकलली, आणि लिंबाजी वॉचमनला हुकूम दिला की उद्या मॅडम जाईपर्यंत एकही पाहुणा आत येता कामा नये आणि खाटेजवळ खायची एकही वस्तू दिसता कामा नये.

लिंबाजीनं नोकरीत रुजू झाल्यापासून पहिल्यांदा फाटक बंद केलं. ते गंजलेलं होतं, बंद व्हायला दोन माणसं लागली. मग त्यानं वॉर्डातली कपाटं झडती घेतल्यासारखी उलटी केली. नऊ नंबरच्या खाटेखालून दोन पोती माल निघाला. तानुबाईंनाही घरी धाडलं. मामा नुसते बघत राहिले.

"त्यातला चिवडा तरी ठिव की, लिंबाजी."

"मॅडम गेल्यावर," लिंबाजी म्हणाला. चिवडा नंतर कुठं गेला ते त्यालाच ठाऊक.

बुधवारी सकाळी मामांची उपाशीपोटी साखर एकशे अठरा आली. अकरा दिवसांत पहिल्यांदा. डॉक्टर महारुद्रांनी आकडा दोनदा बघितला आणि नऊ नंबरच्या खाटेला हात लावून नमस्कार करायचाच बाकी ठेवला. "बघितलंत सिस्टर? वेळ लागतो, पण गाडी रुळावर येते." कॉम्प्युटरनं गेल्या दिवसांचे चढे आकडे बघून त्या सकाळचा डोस काढला होता बावीस युनिट. डॉक्टरांनी बटण दाबलं. आठ वाजता सुकेशनीनं बावीस युनिट दिले.

देताना तिच्या मनाला काहीतरी टोचलं, पण काय ते बघायला सवड नव्हती. मॅडमसाठी आणलेला पुष्पगुच्छ पाण्यात ठेवायचा होता आणि अकरा नंबरनं सलाईनची सुई उपटली होती. साडेआठला ती परत आली.

"मामा, नाश्ता झाला?"

"झाला की."

आपल्याकडे जेवलात का असं कुणी विचारलं की हो म्हणायचं, मग पोटात कावळे का ओरडत असेनात. मामांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं. त्याखाली निम्मा उपमा होता, हे उचलून न बघताही कळत होतं. मामांना घाई नव्हती, सव्वादहाची गाडी यायचीच होती. सुकेशनीनं पालथ्या ताटाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि रकान्यात 'पूर्ण' लिहिलं. हिरवा ठिपका उमटला.

मॅडम दहाला आल्या. साधी सुती साडी, चष्मा, बोलणं कमी. डॉक्टर महारुद्र वॉर्डाच्या मधोमध स्क्रीन लावून हिरवे ठिपके दाखवायला लागले. लिंबाजी स्वच्छ सदरा घालून चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर दोनदा हॉर्न वाजला, सोनपेठची गाडी. फाटकाशी माणसांचा गलका झाला, लिंबाजीच्या नावानं कुणी तरी त्याच्या आजोबापर्यंतची चौकशी केली.

नऊ नंबरच्या खाटेवरून हात वर आला नाही.

सुकेशनी मॅडमच्या मागे उभी होती. तिनं मान वळवली. मामा छताकडे बघत पडले होते, कपाळावर घामाचे थेंब, सदरा छातीला चिकटलेला. साडेआठनंतर हा माणूस एकदाही काही बोललेला नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"मामा?"

"पुढं सरका," मामा जड जिभेनं म्हणाले. "पुढं मोकळं हाय... तिकीट घ्या..."

तिनं बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला, सेहेचाळीस.

साखरेच्या पाण्याचं इंजेक्शन कपाटात होतं. कपाटापुढे स्वागताचं टेबल लावलेलं, त्यावर पांढरी चादर, पुष्पगुच्छ आणि दीपप्रज्वलनाची समई. ते सगळं हलवेपर्यंत वाट बघायला ती तयार नव्हती. मामांना अजून गिळता येत होतं. ती सरळ स्क्रीनपाशी गेली आणि बोलत असलेल्या डॉक्टर महारुद्रांच्या हातातला कप काढून घेतला. त्यांच्या चहात तीन चमचे साखर असते, हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं.

"सिस्टर, हे काय—"

"सर, टेबल हलवा. कपाट उघडा," ती म्हणाली आणि चहा बशीत ओतत खाटेकडे गेली.

एका हातानं मामांची मान उचलून तिनं बशी ओठांना लावली. "गिळा मामा. गिळा. माझ्याकडं बगा." मामांनी घोट घेतला, निम्मा सांडला. दुसरी बशी. लिंबाजीला काय सुचलं कुणास ठाऊक, त्यानं मॅडमच्या पुढचं साखरेचं भांडंच आणून दिलं, आणि सुकेशनीनं तिसऱ्या बशीत दोन चमचे आणखी ढवळले. ती मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होती, चांगल्या जिंतुरी शिव्या, ज्या गुरुजींच्या घरात कधी उच्चारल्या गेल्या नव्हत्या. निम्मा उपमा. मी पूर्ण लिहिलं. माझ्या हातानं बावीस दिले.

पंधरा मिनिटांनी आकडा एकाहत्तर झाला. आणखी एक चहा आणि पाच बिस्किटं झाल्यावर एकशे चार. मामांनी डोळे नीट उघडले, आजूबाजूला जमलेली गर्दी बघितली आणि विचारलं, "कोन गेलं?"

"कुणी गेलं न्हाई," सुकेशनी म्हणाली. तिनं बशी विसळायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

मॅडम एका खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. त्या काही विचारत नव्हत्या, आणि डॉक्टर महारुद्रांना त्याचीच जास्त भीती वाटत होती. ते आकडे पुन्हा पुन्हा बघत होते. ऑर्डर बरोबर, वेळ बरोबर, नाश्ता पूर्ण, तरी सेहेचाळीस कशी?

साडेबाराला स्क्रीन पिवळी झाली. नऊ नंबर, दुपारचं इन्सुलिन, वीस युनिट, ताबडतोब द्या.

"नाही द्यायचं," डॉक्टर महारुद्र घाईनं म्हणाले. "सिस्टर, थांबवा ते. कारण टाका." कारणांची यादी उघडली. रुग्णाने नकार दिला. रुग्ण उपाशी आहे. औषध उपलब्ध नाही. इतर. डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "'नकार दिला' करा. सरळ आहे. उद्या बघू."

सरळ होतंच. एक बोट टेकवायचं आणि ठिपका हिरवा. पण संध्याकाळी कॉम्प्युटर पुन्हा तेवढंच मागणार, उद्या सकाळी पुन्हा बावीस, कारण त्याच्या लेखी नऊ नंबरचा माणूस रोज शहाण्यासारखा उपमा खाऊन अडीचशे साखर काढत होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांची तोंडं लाडवानं बंद होती. आणि परवाच्या नंतर शनिवार.

सुकेशनीनं 'इतर'वर बोट ठेवलं. रिकामी जागा उघडली आणि ती लिहायला लागली. ती बराच वेळ लिहीत होती. खाली सही म्हणून स्वतःचा नंबर टाकला आणि बाजूला झाली.

मॅडम उठून आल्या, चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. बहुधा त्यांना मोठ्यानं वाचायची सवय असावी.

"पाहुणे आले नाहीत." त्या थांबल्या, मग पुढं वाचलं. "पेशंट दहा दिवस सव्वादहाच्या आणि पावणेपाचच्या गाडीनं आलेलं गोड खात होते. डोस त्या गोडावर चढला आहे. काल संध्याकाळपासून गोड बंद केलं, डोस तसाच राहिला. आज नाश्ता निम्मा खाल्ला, मी पूर्ण लिहिला. गोड खातात हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण त्यातला एक लाडू मी खाल्ला होता."

डॉक्टर महारुद्रांचा कोट पहिल्यांदाच चुरगळलेला वाटत होता.

"दोन," खाटेवरून आवाज आला.

"मामा, तुमी गप्प बसा."

"दोन खाल्ले सिस्टर. दुसरा चालता चालता खाल्ला, तुमाला याद नसंल. आता खरंच लिवायलात तर पुरं लिवा. माज्या अंगठ्याचा सवाल हाय."

पहिल्यांदा मॅडम हसल्या. मग दहा नंबरचा बहिरा म्हातारा, ज्याला यातलं काही ऐकू आलं नव्हतं, सगळे हसताहेत म्हणून हसला. मॅडमनी मग खाटेखाटेला जाऊन एकच प्रश्न विचारला, आज सकाळी उपमा किती खाल्ला? माणसं एकमेकांकडे बघत होती. शेवटी चार नंबरनं उशीखालून न खाल्लेल्या उपम्याचं पुडकं काढून दाखवलं, आणि मग कबुलीजबाबांची रांग लागली. बावीस खाटांवर 'पूर्ण' उपमा एकानंच खाल्ला होता, तो बारा नंबर, आणि तो सकाळीच दाखल झालेला होता.

डॉक्टर महारुद्र कॉम्प्युटरपाशी बसले. आधीचे सगळे डोस त्यांनी खोडले आणि मामांचं वजन नव्यानं भरलं. मग कधी नव्हे ते खाटेशी स्टूल ओढून मामांना विचारलं, "मामा, खरं काय खाल? मी तेवढंच भरतो."

"तानुची भाकरी," मामा म्हणाले. "दहा नंबरला न देता."

सकाळचा डोस नऊ युनिट निघाला. सुकेशनीला संध्याकाळपर्यंत खुलासा द्या असा कागद मिळाला. तिनं खुलाशात तेच लिहिलं, फक्त एकाचे दोन केले.

राहिला प्रश्न सोनपेठच्या गाडीचा. फाटक कायम बंद ठेवणं लिंबाजीच्या तब्येतीला झेपणारं नव्हतं. मामांनी बन्सीधर कंडक्टरला फोन लावला आणि काय ते सांगितलं. बोलताना त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. सव्वीस वर्षांत या माणसानं कुणाचं काही नाकारलं नव्हतं आणि आता सगळ्या रस्त्याला नाही म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून बन्सीधर तिकिटं फाडता फाडता ओरडायला लागला, "भुजंग डायव्हरला बघायला जायलात त्यांनी रिकाम्या हातानं जायचं! खायचं घेऊन जाईल त्याला अंगठ्याचं पाप लागंल!"

गुरुवारी सव्वादहाला हॉर्न वाजला, मामांचा हात वर गेला आणि पाहुणे आले. रिकाम्या हातांनी आले. अशी अवघडलेली माणसं सुकेशनीनं कधी बघितली नव्हती. हात कुठं ठेवावे ते त्यांना कळेना. कुणी पाठीमागे धरले, कुणी खिशात घातले. लाडूवाली म्हातारी पुन्हा दोन गाड्या बदलून आली होती. ती खाटेशी उभी राहिली, दोन्ही तळवे उघडून तिनं सुकेशनीला दाखवले, काही नाही हं माय, आणि मग त्याच हातांनी मामांचे पाय दाबायला बसली. मामा रडले. उघड उघड, नाक वाजवत रडले, आणि त्यांना कुणी चिडवलं नाही.

बुधवारी संध्याकाळी एकशे चोपन्न. गुरुवारी सगळे आकडे एकशे ऐंशीच्या खाली. शुक्रवारी दुपारी एकशे एक्क्याऐंशी आला. डॉक्टर महारुद्रांनी चौकशी केली तर भाकरीसोबत एक पेरू निघाला. पेरू तानुबाईंनीच दिला होता, पोट साफ व्हावं म्हणून. सुकेशनीनं पेरू लिहिला. अर्धा नाही, पूर्ण.

शनिवारी सकाळी मामांना आत नेलं. सर्जनसाहेबांनी आकड्यांचा कागद बघितला, एकशे एक्क्याऐंशीवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "उघडून बघतो, मग ठरवतो." दार बंद झालं. तानुबाई बाकावर बसल्या आणि सुकेशनी त्यांच्या शेजारी. तिची ड्युटी संपून तास होऊन गेला होता. सव्वादहाला बाहेर हॉर्न वाजला, दोनदा. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मग तानुबाईंनीच आपला हात थोडासा वर केला आणि खाली घेतला.

मामांना बाहेर आणलं तेव्हा पायावर पांढऱ्या पट्ट्यांचा एवढा मोठा बोळा होता की आत काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. सर्जनसाहेब मागच्या दारानं पुढच्या ऑपरेशनला गेलेले. मामांना अर्धवट शुद्ध होती. छताकडे बघत ते पुटपुटले,

"सिस्टर... हाय का?"

रोजचं उत्तर सुकेशनीच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. अंदाजानं 'पूर्ण' लिहायची खोड एकदा महागात पडली होती. ती खाटेच्या पायथ्याशी गेली, वाकली, पट्टीच्या तोंडाशी डोळा नेला. तिथं नख दिसत होतं, काळं, वेडंवाकडं, पण जागेवर. त्याच्या शेजारी बाकीची चार. तिनं बोटानं एकेक मोजलं, आणि खात्री म्हणून उलटीकडून पुन्हा मोजलं.

"हाय मामा," ती म्हणाली. "पाचच्या पाच."

मामांनी डोळे मिटले. श्वास सुटला तो तिला खाटेच्या पायथ्याशी ऐकू आला.

"मंग त्या डब्याला बी सांगा," ते म्हणाले. "त्याला कुनी काय सांगतच न्हाई."

सुकेशनी कॉम्प्युटरपाशी गेली, नऊ नंबरचं पान उघडलं आणि 'इतर'मध्ये लिहिलं, 'पाचच्या पाच. दोनदा मोजली.'